गाडी भंगारात जाणार नाही

३ मार्च
नाही म्हणजे नाही! माझी मोटरसायकल भंगारात जाणार नाही. मुलगा फोनवर म्हणतो, "बाबा, किका मारून पाय सुजला, डोळ्यांना धड दिसत नाही, आता कुणासाठी ठेवायची?" पंधरा तारखेला भंगारवाल्याला घेऊनच येतोय म्हणे. परस्पर ठरवून मोकळा. येऊ दे.

५ मार्च
इंजिनाचं हेड उतरवून गॅरेजवाल्याकडे नेलं. धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळलाय, कड उंदरानं कुरतडल्यासारखी. "व्हॉल्व्ह दाबणारे टॅपेट कोण आवळतं?" त्यानं विचारलं. मी ऐटीत सांगितलं — मीच, तीस वर्षं, आवाज म्हणून येत नाही. "तेच तर! टॅपेट थोडे वाजलेच पाहिजेत, साहेब. इतके आवळलेत की व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही. मग जळतो."
तीस वर्षं गल्लीभर जे मिरवलं ती माझीच घोडचूक. लाज वाटली. हिला सांगितलं नाही.

६ मार्च
नवा व्हॉल्व्ह आणला. बसवणार मीच.

९ मार्च
व्हॉल्व्ह बैठकीत घट्ट मिटावा म्हणून तीन दिवस घासतोय. व्हॉल्व्हच्या कडेला पेस्ट लावायची, दांडी तळहातांत धरून रवीसारखी फिरवायची, उचलायची, पुन्हा फिरवायची. जेवणाचं टेबल काळं झालंय. "ताटं कुठं मांडू, इंजिनात?" — ही.
कडेवर सलग राखाडी रेघ उमटली की जमलं म्हणायचं. मला रेघच दिसेना! चष्मा पुसून पुसून वैतागलो. शेवटी हिनंच खिडकीशी धरून पाहिलं. "इथं तुटलीय." पुन्हा घासलं.

११ मार्च
व्हॉल्व्ह घट्ट मिटतो का ते वरून रॉकेल ओतून पाहिलं. पाझरलं. पेस्टचा डबा पुन्हा उघडला.

१२ मार्च
पुन्हा घासून पुन्हा ओतलं. तासभर एक थेंब नाही! मुलाला कळवलं नाही. का कळवू?

१४ मार्च
जोडणी पूर्ण. टॅपेटमध्ये पातळ पट्टी सरकवून फट हिनंच बघून दिली. "तुमच्यापेक्षा मला बरं कळतं," असं काहीतरी पुटपुटली. मी कानाआड केलं.

१५ मार्च
दुसऱ्या किकला चालू. टॅपेट टिकटिकतायत, टिकटिकू देत. फाटकात मुलगा आणि भंगारवाला उभे. मी हेल्मेट घेऊन आलो तर ही पुढे बसलेली, हातात क्लच. "तुम्हाला दिसत नाही. मला दिसतं आणि येतंही. तुम्ही महिना महिना दौऱ्यावर, तेव्हा याला याच गाडीवरून शाळेतून कोण आणायचं?"
मुलगा खाली बघत होता. त्याला ठाऊक होतं.
मी मागे बसलो.