पाण्याखालची शीव

४ ऑगस्ट २००४, कागल

दुपारचे डबे गेले. एमआयडीसीच्या पोरांनी आज मटकीला नावं ठेवली न्हाईत, म्हणजे बरी झाली असणार.

ठरलं. वॉटर स्कूटर घ्यायची. जुनीच. ह्यांच्या कंपनीतल्या एकाचा मेव्हणा गोव्यात हॉटेलात हाय, ते बंद पडलंय, सामान फुकापासरी विकायलेत. हे म्हणाले, जाऊन इंजिन बघतो, बरं असलं तर घेऊ. म्हटलं, बरं नसलं तर तुम्ही फिटर कशाला झालाय?

संध्याकाळी कोल्हापुरातनं तानाजीचा फोन. धाकटा भाऊ, पण बोलणं थोरल्यागत. "आक्के, कागलात समुद्र आणलाय व्हय तू?" म्हटलं समुद्र कशाला, धरण हाय की. कुठलं धरण ते कळलं त्याला. शेवटी म्हणाला, लोक हसतील. हसू देत. माझ्या डब्यांचे पैसे. कुणाच्या बापाचं काय जातंय? आणि गेलंच तर माझ्या बापासाठी जातंय.

८ ऑगस्ट

रुपा विचारत होती, आई खरं सांग, आमच्यासाठी घ्यायलीस का आजोबांसाठी? म्हटलं सगळ्यांसाठी. सुट्टीत तू बस, पप्पा बसतील, मी तर चालवणारच. पण पहिल्यांदा आबा.

मग तिला सगळं सांगत बसले. शाहूवाडीकडचं आमचं गाव धरणात गेलं तेव्हा मी तिच्याएवढी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचं टोक वर येतं, लोक बघायला जातात, रडतात, भेळ खाऊन परत येतात. आमचं रान नदीकाठाला, सगळ्यात खोल. ते कधीच उघडं पडत न्हाई. आबा तिकडं फिरकलेसुद्धा न्हाईत. दसऱ्याला सगळं गाव शीव ओलांडायला जायचं, आबा आधी रानात जायचे. बांधावर आपट्याचं पान ठेवायचे, लोंब्या घेऊन यायचे. पहिलं सोनं रानाला, मग माणसांना. गाव सुटल्यापासनं दसऱ्यादिवशी उंबऱ्याबाहेर पाय न्हाई. "शीवच पाण्यात गेली, वलांडू काय?" दरवर्षी तेच.

ह्या दसऱ्याला ओलांडायची. बास.

१७ ऑगस्ट

आणली. आंबोलीत धुकं, टेम्पोवाला शिव्या देत होता. आजऱ्याला चहाला थांबलो तर ही गर्दी. एक म्हातारा फिरून फिरून बघून म्हणाला, "पावणं, चाकं बसवायची ऱ्हायली व्हय?" ह्यांनी त्याला बसवून इंजिन, पंखा, पाणी सगळं समजावलं. तो म्हणाला, म्हणजे म्हसच की, पाण्यात सोडली की खूश. रुपानं तेच नाव ठेवलं. म्हस.

दारात उतरवली. शेजारच्या काकूंचं सुरू झालं, एवढ्यात डबल डोअरचा फ्रीज आला असता. म्हटलं, फ्रीजवर बसून धरणात जाता येतंय का?

आबा खाटेवर होते. एकदाच बघितलं. "कुठल्या पाण्यात घालायची?" सांगितलं. भिंतीकडं तोंड करून झोपले. जेवले न्हाईत. मीही विनवलं न्हाई. त्यांचाच हट्ट माझ्यात उतरलाय, बघू कुणाचा जुना ठरतो.

५ सप्टेंबर

रविवार, खणीवर शिकायला, जुन्या दगडखाणीत पाणी साठलंय तिथं. हे आधी बसले आणि आधी पडले. मग मी. पंजाबी ड्रेस, वर ते फुगीर जाकीट. ओढणी ह्यांनी काढून ठेवायला लावली. म्हस खालनं पाणी ओढती आणि मागनं फेकती, कापड लोंबलं तर आत ओढून घेईल, असं बजावून बजावून सांगितलं. पडले, चढले, परत पडले. काठावरनं एकजण म्हणाला, बाईमाणसाचं काम न्हवं ते. त्याला स्वतःला पोहता येत न्हाई. मी आमच्या विहिरीत शिकलेय, कमरेला पांगाऱ्याचं लाकूड बांधून आबांनी ढकललेलं.

त्या विहिरीवरनं समोरच्या दोन टेकड्या एकीआड एक लपायच्या, एकच दिसायची. बांधापलीकडं म्हादूतात्याच्या रानात गेलं की मधी फट दिसायची. आबा आणि म्हादूतात्या त्या बांधावरनं जन्मभर भांडले. बांध बुडाला, म्हादूतात्याही गेले, भांडण अजून कोरडं हाय. आणि टेकड्या बुडालेल्या न्हाईत. तेवढ्यावर जागा सापडेल मला.

२६ सप्टेंबर

आता पडत न्हाई. वळवतेसुद्धा झोकात. रुपा मागं बसून किंचाळते. खणीवर आता लोक हसायला येत न्हाईत, आम्हाला एक चक्कर द्या म्हणून येतात.

आबा अजून एक शब्द न्हाई.

२१ ऑक्टोबर, खंडेनवमी

ह्यांचे पाने, माझी शेगडी, कणकेचं मशीन, आमची खरी स्कूटर, सगळं धुतलं, हळदकुंकू लावलं. म्हशीला झेंडूची माळ करायची राहिली. फुलंच संपली होती.

आबा बाहेर गेले. आले ते हातात माळ घेऊन, चांगली जाडजूड. म्हशीच्या हँडलला स्वतः बांधली. "यंत्राचा काय दोष." मग बोट नाचवून सगळ्यांना दम, "माळ कुणी काढायची न्हाई. आपली आपण सुकून पडू दे." आणि आत जाता जाता, माझ्याकडं न बघता, "उद्या किती वाजता निघायचं?"

मी मोरीत जाऊन भांडी घासत बसले. घासलेलीच होती ती.

२२ ऑक्टोबर, दसरा

काय लिहू.

धरणावर चौकीदार आडवा आला. हापिसाचा कागद लागतो म्हणाला. म्हटलं, आमचं रान घेताना कागद तुम्हीच केला न्हवं, तोच काढून बघा, कुठं चाललोय ते त्यात लिहिलंय. तो फोन करायला चौकीत गेला. आम्ही म्हस पाण्यात ढकलली.

आबा धोतराचा काचा मारून, वर जाकीट, डोक्याला पटका. माझ्या मागं बसले. पाण्याला पाय लागला तसा त्यांनी डोळे मिटले. माझा खांदा धरला, असा धरला की अजून दुखतोय. निघालो. पाणी गार, सपाट. देवळावरनं गेलो असणार. मी टेकड्या बघत होते, फट बारीक व्हायला लागली होती, आणि म्हस कचकन थांबली.

माळ. एका बाजूनं सुटून लोंबत होती. ओढणीची एवढी काळजी केली, आणि आबांनी बांधलेल्या माळेला हात लावायची एकाची छाती झाली न्हाई. ह्यांची पण. दोरा, फुलं, सगळं खालनं आत ओढलं गेलं. पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या.

इंजिन बंद, आवाज कुठलाच न्हाई. वाऱ्यानं हळूहळू सरकत होतो. घाबरले होते, खोटं का बोलू.

आबांनी डोळे उघडले. "शोभे, थांब हितंच."

"थांबलीच हाय आबा."

टेकड्यांकडं बघत राहिले. मग जाकिटात हात घालून आपट्याचं पान काढलं, कपाळाला लावलं, पाण्यावर ठेवलं. रानाला बोलायचे तसंच बोलले, सोनं घे, सोन्यासारखं ऱ्हा. पान तरंगत राहिलं. बुडालं न्हाई. आबा रडले न्हाईत, मी रडले.

मला टेकड्यांच्या मधी फट दिसत होती. बोटभर. बोलले न्हाई. म्हाताऱ्याला कशाला सांगा.

हे मासेवाल्याची होडी घेऊन आले, ओढत काठाला नेलं. काठावर हापिसाची जीप. म्हस जप्त.

२५ ऑक्टोबर

साहेब म्हणतात, परत ह्या पाण्यात उतरणार न्हाई असं लिहून द्या आणि घेऊन जा. मी म्हटलं, पाहिजे तर परवानगीचा अर्ज देते, जाकीट घालते, तुमचा माणूस बरोबर द्या. पण "परत न्हाई" हे लिहून देणार न्हाई. साहेबांनी घंटी वाजवून दुसऱ्याला आत बोलवलं.

तानाजीचा फोन, सही कर आणि मोकळी हो, आबांचं झालं की एकदाचं. हे पाने किती नंबरचे लागतील ते लिहीत बसलेत, माळ अडकलीय तो म्हशीचा पंप खोलायचाय म्हणून.

झालंच म्हणायचं का? आबा तीन दिवस गप्प हाईत. मन भरलं असेल. माझं न्हाई भरलं.

२६ ऑक्टोबर

डबे लवकर केले. भाकरी थापत होते, आबा चुलीजवळ येऊन उभे राहिले. पटका बांधलेला.

"शोभे, फट हुती."

कसली, म्हटलं. माहीत होतं तरी.

"टेकड्यांच्यात. तुला बी दिसली की. माझं सोनं त्या म्हाद्याच्या रानात पडलंय."

म्हटलं, आबा, बोटभरच होती.

"बोटभराचाच बांध हुता." आणि असे बघायला लागले, जसा बांध मीच रेटलाय.

मग विचारलं, साहेबाच्या कागदावर सही कोण करणार हाय? म्हटलं, कुणीच न्हाई. "मग चल. मी बोलतो त्येच्याशी. म्हाद्याला फुकटचं सोनं गेलं म्हणून सांगतो त्येला." हसले. किती दिवसांनी.

ह्यांनी अर्धी रजा टाकलीय. रुपा शाळा बुडवते म्हणतेय, मी नको म्हटलं, तरी दप्तर कोपऱ्यात टाकून चप्पल घालून बसलीय. आबा बाहेर उभे राहून हाका मारायलेत. तवा उतरवते आणि निघते.