मागून पाहिलेली वेणी

मंगळवार, संध्याकाळ

आज सकाळी दिघीच्या मैदानावर स्नेहल माझ्या पुढे गेली. पोलीस भरतीसाठी तिचा सराव चालू आहे, आणि पोरगी एकटी नको म्हणून मीही रोज तिच्याबरोबर पळते. आजवर मीच पुढे असायचे. मुद्दाम हरले असते तर गोष्ट वेगळी, पण आज मी जीव तोडून पळत होते. शेवटच्या फेरीला तिची वेणी माझ्या डोळ्यांसमोर आली आणि लांब लांब जात राहिली. रोज मीच घालते ती वेणी, पण पळताना अशी मागून कधी पाहिलीच नव्हती.

मी धापा टाकत बसले, तर म्हणते, "आई, आज मी तुला आउटरन केलं."

"म्हणजे काय गं?"

"कुणापेक्षा जोरात पळून त्याला मागे टाकायचं. आउट आणि रन, इंग्रजीतले दोन जुने शब्द जोडून झालाय. आउट म्हणजे इथे बाहेर नाही, वरचढ."

दिवसभर महाळुंग्याला कंपनीत पॅकिंग करताना तोच शब्द तोंडात होता. चहाच्या सुट्टीत दोघीतिघींना सांगितलासुद्धा, अर्थासकट. हरलेली बाई एवढी मिरवते का? वाईट वाटलं का मला? थोडं वाटलं, खोटं कशाला लिहू. पण ती वेणी आठवली की हसू येतं.

उद्या जरा घट्ट घालते. भरतीच्या दिवशी ती पुष्कळ जणींना मागूनच दिसणार आहे.