तीनदा वाजवलेली शिट्टी

मी एझ्रा गॅदरकोल, वय एकाहत्तर, धंदा ससे धरण्याचा, राहणार वॉरन लेन, थेल्नी, सफोक, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. छातीचं तसं म्हणवत नाही. सोमवारी इस्पितळात ती उघडणार आहेत आणि पुन्हा नीट मिटेल याची हमी डॉक्टर देत नाही, म्हणून आजच हे माझं शेवटचं आणि एकमेव मृत्युपत्र. मला कोणी दारू पाजलेली नाही, मागे उभं राहून कोणी सांगत नाही. गल्लीपलीकडे समोरच्या खिडकीत माझा धाकटा भाऊ सिरिल चाकांच्या खुर्चीत बसून मला लिहिताना बघतो आहे. त्याचं दडपण आहे असं कायद्याच्या भाषेत म्हणता येणार नाही.

वकिलांनी दोन गोष्टी बजावल्यात. सही दोन साक्षीदारांसमक्ष करायची. आणि ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही. केली तर त्याचा वाटा गेला.

कलम १. राहतं घर, मागचं आवार आणि पोस्टातली शिल्लक सिरिलला. त्याने नाकारलं, किंवा कोणत्याही कारणाने ते त्याच्याकडे गेलं नाही, तर त्याची मुलगी बेरिल हिला. तो नाकारेल असं मला वाटतं. का, ते कलम ५ मध्ये आहे. माझ्यामागे वकिलांनी हा कागद त्याला मोठ्याने वाचून दाखवावा, एक अक्षर न गाळता.

कलम २. लांब दांड्याचं फावडं आणि बिळांच्या तोंडांवर लावायची साठ जाळी, सगळी माझ्या हातची, लेन मॉर्टलॉकला. हा गृहस्थ चाळीस वर्षं पबमध्ये बसून सांगतो आहे की फेरेटच्या जोडीला टेरियर कुत्राच पाहिजे, स्पॅनियल म्हणजे बायकांच्या मांडीवरचं खेळणं. बिळात सोडलेला फेरेट, म्हणजे मुंगसासारखं लांबट पाळीव जनावर, ससा हाकलतो आणि मागाहून स्वतः बाहेर येतो. मॉर्टलॉकच्या टेरियरांनी असे बाहेर येणारे माझे दोन फेरेट फाडले. म्हणून त्याला जाळी देतो, फेरेट देत नाही. फेरेट दोन्ही बेरिलला. चावणारी मादी उजवीकडच्या खोक्यात आहे.

कलम ३. माझी स्पॅनियल कुत्री टेझल, वय चार वर्षं, सिरिलला. तो म्हणेल, स्पॅनियलचं तोंड बघायचं नाही मला. तरीही त्यालाच. तिला पिल्लं झाली तर निवडायची कशी हे त्याला माहीत आहे, पण अठ्ठावीस वर्षांत विसरला असेल म्हणून लिहितो. फेरेटच्या खोक्यातला वाळका पेंढा पिल्लांपुढे टाकायचा. जे झडप घालतं ते नको. जे भुंकतं ते तर मुळीच नको, आतला ससा सावध झाला की दिवसभर बाहेर येत नाही. जे वास घेतं, मान कलती करतं आणि गप्प उभं राहतं, ते उचलायचं. कान आखूड बघावेत, काटेरी झुडपांत फाटत नाहीत. मग महिनाभर फेरेटशेजारी झोपवायचं, म्हणजे फेरेट बिळातून आला की ते तोंड फिरवतं.

अशी तयार झालेली कुत्री खूण देते. भरल्या बिळाशी मान कलती, पुढचा एक पाय वर, शेपूट थांबलेली, तोंडातून हूं की चूं नाही. रिकाम्या बिळाशी ती थांबतच नाही. धनी शिट्टी देईपर्यंत ती तशीच उभी राहते. हे मी शिकवायचो. अख्ख्या परगण्यात माझ्याइतक्या मुक्या कुत्र्या कोणाच्या नव्हत्या, याचा मला गर्व होता.

कलम ४. चहाच्या जुन्या डब्यातली शिंगाची शिट्टी सिरिलला. आमच्या वडिलांनी केलेली. ही शिट्टी हरवली असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. ती कधीच हरवली नव्हती.

कलम ५. सिरिल, हे तुला.

फेब्रुवारी एकावन्न. तेव्हा आपल्याकडे फ्लॉस कुत्री होती, जिला तू बाटलीने दूध पाजून वाढवलंस. वाळू कोसळली त्याच्या आदल्या दिवशी तिने एका बिळाशी खूण दिली, मी फेरेट सोडला, आत काहीच नव्हतं. मी म्हणालो, "ही आता खोट्या खुणा देते. म्हातारी झाली." तू म्हणालास, "ती कधी खोटं बोलत नाही. तुझाच फेरेट आळशी आहे." त्यावरून जुंपली. सकाळी तू तिला घेऊन टेकाडाच्या पलीकडे गेलास, मी अलीकडे राहिलो. एकट्याने वाळूत खणायचं नाही हा वडिलांचा नियम. रागापायी आपण दोघांनी तो मोडला.

तुझा फेरेट आत ससा मारून तिथेच बसला, तू त्याला काढायला खणलंस आणि वाळू अंगावर आली. पुढचं तुला ठाऊक आहे. गळ्यापर्यंत गाडला गेलास, तोंडावर तुझाच कोट आणि वरून घसरलेलं झुडूप, ओरडायला श्वास नाही. फ्लॉस तुझ्या डोक्याशी उभी होती.

आता तुला जे ठाऊक नाही ते. दहाच्या सुमाराला मी टेकाडावर चढलो. खाली ताज्या वाळूचा ढीग दिसला, आणि त्याच्याशी फ्लॉस. मान कलती, पाय वर. तू दिसला नाहीस. मला वाटलं, तू खणून, बुजवून पुढे गेलास आणि ही बया रिकाम्या जागी खूण देते आहे. मला आनंद झाला, सिरिल. माझंच खरं निघालं म्हणून आनंद झाला. मी शिट्टी दिली. ती हलली नाही. दुसऱ्यांदा दिली. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मान कलती केली. तिसऱ्यांदा इतकी जोरात फुंकली की ती निघाली. दर दहा पावलांवर मागे बघत होती. वर आल्यावर मी तिला पट्ट्याने मारलं, बांधून टाकलं आणि भाकरी खात बसलो.

खाली उतरून चार पावलं गेलो असतो तर तुझे पाय वाचले असते. एक वाजता मी तुला शोधायला निघालो.

तू शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा हेच म्हणालास, "मी शिट्टी ऐकली. तीनदा." मी म्हणालो, "अरे, वाळूखाली कसली शिट्टी! टिटवी असेल. माझी तर आठवडाभर हरवलीये." डॉक्टर म्हणाले, कानात रक्त साकळलं की असे भास होतात. सगळा गाव म्हणाला, कुत्रीने धनी टाकला. त्या दिवसापासून तू एकच विचारतोस: "पाय गेले ते गेले रे, पण ती मला सोडून का गेली?" कधी पेल्यावर, कधी नाताळच्या जेवणात. मी प्रत्येक वेळी म्हणालो, "जनावरच ते." तेव्हापासून मी तोंडात बोटं घालूनच शीळ घालतो.

ती सोडून गेली नाही. मी तिला बोलावलं. तिची खूण खरी होती. आणि भुंकू नको हेही मीच तिला शिकवलं होतं. टेझल तिच्याच वंशातली आहे. मी भ्याड आहे, म्हणून हे मेल्यावर सांगतो.

सहीपूर्वीची पुरवणी, त्याच दिवशी दुपारी.

गावची नर्स मॉड थ्रोअर साक्षीला आली. दुसरा साक्षीदार यायचा होता. टेबलावर शिट्टी बघून म्हणाली, "काका, ही काय? वाजते का?"

म्हटलं, "अठ्ठावीस वर्षं वाजवली नाही."

"मग बघा की वाजवून! पोळणारे का?"

मी डगला घातला, दारात गेलो आणि तीनदा वाजवली. समोरच्या खिडकीतला चेहरा नाहीसा झाला. मला वाटलं, संपलं. मग त्याचं दार उघडलं. खुर्ची स्वतःच ढकलत तो गल्ली ओलांडून आला. बेरिल मागून ओरडत होती, "बाबा, अहो पांघरूण तरी घ्या!"

तो आत आला, हात पुढे केला. "दे ते." सगळे कागद वाचले, कलम ५ दोनदा. मॉडला वाटलं असेल मला झटका येतो आहे, तिने माझं मनगट धरून ठेवलं होतं.

"दुसऱ्या शिट्टीलाही ती हलली नव्हती," तो म्हणाला.

"नाही."

"तेवढं मला माहीत होतं. तिचा श्वास कपाळावर लागत होता." मग त्याने कागद मांडीवर ठेवले. "मी तिला मरेपर्यंत शिव्या घातल्या, एझ्रा. ती दाराशी यायची आणि मी काठी फेकायचो."

टेझल चुलीपाशी पडली होती ती उठली, त्याच्या खुर्चीशी गेली, जिथे पाय असायला हवे होते तिथे तिने हुंगलं आणि गप्प उभी राहिली.

"लेखणी दे," तो म्हणाला.

मॉड म्हणाली, "अहो सिरिलकाका, तुम्हाला सही करता येणार नाही. कायद्याने तुमचं घर जाईल."

"वाचलं मी ते. मला वाचता येतं."

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि खालील दोघांसमक्ष मी सही केली.

(सही) एझ्रा गॅदरकोल
थेल्नी, सफोक. शनिवार, १७ नोव्हेंबर १९७९.

साक्षीदार पहिला: (सही) मॉड थ्रोअर, परिचारिका, थेल्नी.

साक्षीदार दुसरा: (सही) सिरिल गॅदरकोल, वॉरन लेन. शिट्टी वाजली होती, त्याचा मी साक्षीदार. घर मला नको. कलम ३ खोडावं; कुत्री वारशात येत नाही, ती आत्ताच माझ्याबरोबर चालली आहे. सोमवारी इस्पितळात मी येणार नाही. बुधवारी बघू.