माथ्यावरचा हादरा

१० मार्च

चि. ठमीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा भूकंप झाला. तुझ्या बाबांचं म्हणणं, झालाच नाही. दादाचं घर कड्याच्या पायथ्याशी, माझं वर माथ्यावर. माझं शिलाई मशीन खोलीभर फिरलं, आणि हा पठ्ठ्या खाली आरामात दाढी करत होता. आता चारचौघांत मला ‘भूकंपबाई’ म्हणतो. तू डोंगर-दरडींचंच शिकलीस, तेव्हा मी वाढवून सांगते का, याचा निवाडा तूच कर.

बाकी ठीक. कड्याच्या काठावरचा खांब तेवढा बाहेर सरकला आणि घरापासून त्याला बांधलेली कपड्यांची दोरी चादरींसकट तुटली.

लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आत्या

१३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुम्हा दोघांचाही फोन लागत नाही, म्हणून पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देतेय.

तू काडीचंही वाढवलेलं नाहीस. भूकंपाची लाट डोंगरात खालून वर चढते. माथ्यावर पुढे खडकच नसतो, म्हणून ती तिथूनच मागे फिरते. येणारी आणि परतणारी लाट एकत्र आली की माथा पायथ्यापेक्षा जास्त हलतो.

पण तो खांब मला स्वस्थ बसू देत नाही. दोरी तुटली, म्हणजे मधली जमीन फाटली असणार. हादऱ्याने खडकातल्या जुन्या भेगा उघडतात. कडा उभा दिसतो, पण पुढच्या लहानशा धक्क्यानेही सुटू शकतो. त्याच्या बरोबर खाली बाबा झोपतात. तू काठाकडे फिरकू नकोस आणि त्यांना आजच हलव. तिथल्या सरकारी इंजिनिअरांना मी कळवलंय. बाबा सरळ ऐकणार नाहीत. कसं जमवायचं ते तू बघ.

माया आहेच, ती राहू दे.
तुझी ठमी

२० मार्च

चि. ठमीस,
बाबांचे आशीर्वाद.

तुझी आत्या धडधडीत खोटं बोलली. मशीन अडकलंय, ये, असा निरोप धाडला. पाने-पक्कड घेऊन वर गेलो, तर मशीन मजेत चालत होतं. तिने तुझं पत्र माझ्यापुढे टाकलं आणि माझ्या चपला लपवल्या. मी अबोला धरला. जेवलो मात्र पोटभर.

दोन दिवसांनी पुन्हा धक्का बसला आणि खांबासकट काठ खाली गेला. धूळ बसल्यावर पाहिलं, तर माझ्या पलंगाच्या जागी खोलीएवढा दगड. शेजाऱ्यांना इंजिनिअरांनी आदल्याच दिवशी हलवलं होतं, त्यामुळे कुणाला खरचटलंही नाही. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, बोलली काहीच नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली, कारण ती गप्प बसणाऱ्यातली नव्हे.

इंजिनिअर म्हणतात, हिचं घर भेगेपासून बरंच आत आहे, धोका नाही. माझं मात्र तिथे पुन्हा बांधता येणार नाही. कायमचा इथेच राहा म्हणून ती रोज मागे लागते. मनातून मी केव्हाच हो म्हटलंय. तिला सांगू नकोस, आणखी चार दिवस आग्रह करू दे.

आम्हा दोघांवर नजर असू दे.
तुझे बाबा