दार लागल्यावर एक श्वास

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार. (खराखुरा आहे, कोपरापासूनचा नाही. चार वर्षांनी पत्र आलं की माणसाला शंका येते, म्हणून आधीच सांगून टाकतो.) गुडघा कसा आहे? आईच्या म्हणण्याप्रमाणे उजवा बरा झाला आणि ते बघून डाव्याने मनावर घेतलं. दुपारची झोप मात्र दोन ते चार, घोरण्यासकट, अजून शाबूत आहे हे ऐकून जिवाला बरं वाटलं. ताईने पाठवलेल्या टॅबवर मामी दिवसभर विणकामाचे व्हिडिओ बघत बसते, ही तुमची तक्रारही आईमार्फत पोचली. माझं म्हणाल तर पाठ, मान आणि डोळे सोडल्यास सगळं ठीक आहे. म्हणजे एडिटरच्या मानाने मी ठणठणीतच म्हणायचा.

आता मुद्द्याचं. चार वर्षांपूर्वी तुमच्याच घरी, तुमच्याच ताटावर बसून मी म्हणालो होतो की कात्री आणि चिकटपट्टीने फिल्म कापायचे दिवस संपले, तुमची विद्या आता म्युझियममध्ये ठेवा. नवा कॉम्प्युटर घेतला होता आणि डोक्यात हवा गेली होती. तुम्ही काही बोलला नाहीत. त्यानंतर आजपर्यंत काहीच बोलला नाहीत. तेव्हापासून तुम्ही आईला सांगता, आई मला सांगते, मी आईला सांगतो, आणि मधल्या मधे आई स्वतःचं मत घालते ते वेगळंच. तर त्या म्युझियमचं पुढे काय झालं, ते कळवायला हे पत्र.

सध्या मी एक मालिका एडिट करतो. आमच्या मालिकेत सासू दचकली की तीन वेळा दचकते, तीन बाजूंनी, ढोलाच्या ठेक्यावर. त्यात मेंदूला त्रास नाही. पण मध्यंतरी एक प्रसंग आला: मुलगी कायमची घर सोडून जाते आणि बाप दाराशी गप्प उभा राहतो. (तो गप्प राहतो याचं श्रेय लेखकाला देऊ नका, नट वाक्यं विसरला होता.) मी तो प्रसंग तीनदा कापला. आमचे दिग्दर्शक अंधाऱ्या एडिट रूममध्येही काळा चष्मा घालून बसतात, त्यांनी तीनदा एकच सांगितलं, की वाटत नाही. काय वाटत नाही, कुठे वाटत नाही, काही नाही. त्यात निर्मात्यांचा जावई नुकताच तीन महिन्यांचा एडिटिंगचा कोर्स करून आलाय. मी चहाला उठलो की तो माझ्या खुर्चीत बसतो आणि परत आलो की खुर्चीची उंची बदललेली असते. गुरुवारपर्यंत जमलं नाही तर प्रसंग जावयाकडे द्यायचा असं ठरलं. प्रसंगामागोमाग खुर्चीही गेली असती, हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून मी आमच्या ऑनलाइन कट्ट्यावर गेलो. मामा, हा कट्टा म्हणजे जगभरच्या एडिटर लोकांनी एकमेकांना मदत करण्यासाठी काढलेली जागा. नवीन माणसाने काहीही विचारलं की पहिलं उत्तर येतं, आधी शोधा, हे पूर्वी विचारून झालंय. शोधलं की सापडतं ते नऊ वर्षांपूर्वीचं भांडण. पाठदुखीवर काय करावं असं विचारा, दोनशे उत्तरं येतील. कट कुठे करावा असं विचारा, तर जो तो म्हणतो, प्रसंगावर अवलंबून आहे. तरीही मी रोज जातो, कारण दिवसभर बंद खोलीत बसणाऱ्या माणसाला आपल्यासारखेच आणखी काही हजार लोक बंद खोल्यांत बसलेत याचा फार आधार वाटतो.

आता प्रसंग तिथे टाकायचा म्हणजे पंचाईत. दाखवला न गेलेला भाग बाहेर दाखवायचा नाही असं मी करारावर सही करून दिलंय. म्हणून मी शहाणपणा केला. दीड दिवस खपून दोघांच्या चेहऱ्यांवर काळे चौकोन चिकटवले, मान हलली की चौकोनही हलेल असे, अगदी सफाईदार. आणि मग लोकांना विचारलं की बघा हो, यात भावना का पोचत नाहीत? हे लिहिताना मला काहीही विचित्र वाटलं नाही. एकाने सांगितलं, पहिली दोन मिनिटं काढ. दुसऱ्याने सांगितलं, शेवटची दोन काढ. (दोघांचं ऐकलं असतं तर प्रसंग उणे अर्धं मिनिट झाला असता.) तिसऱ्याने बापाच्या संयत अभिनयाची तारीफ केली. चौथ्याने मी कीबोर्ड कुठला वापरतो ते विचारलं आणि पुढची साठ उत्तरं कीबोर्डवर आली.

त्या साठांच्या खाली ‘जुनी फीत’ नावाने कुणीतरी एवढंच लिहिलं होतं: “चेहरे झाकलेस ते बरं केलंस. आता हात बघ. बापाचा हात कडीवर आहे, तो कापू नकोस. दार लागल्यावर एक श्वास थांब, मग काप.”

मी हात बघितले. मामा, मी तो प्रसंग शंभर वेळा बघितला होता आणि तो हात मला दिसलाच नव्हता. कडी लावायची की नाही हे न कळून नुसता तिथे राहिलेला हात. चेहरे जवळजवळ सगळे काढले, हात ठेवले, दार लागल्यावर एक श्वास थांबलो. दिग्दर्शकांनी बघितलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, वाटलं. मग मी कानाला खडा लावून न विचारता काही करेनासा झालो. आणखी सहा प्रसंग जुनी फीतला विचारून कापले. जेवून येऊन बसलो की चहाच्या आत उत्तर हजर. शेवटी मी न राहवून विचारलं, आपण कोण? तेव्हापासून तिकडे चिडीचूप. आणि इकडे येत्या गुरुवारी मालिकेचा शेवटचा भाग द्यायचाय, दिग्दर्शकांना त्यात ‘तसलं हातांचं’ हवंय आणि जावयाने खुर्चीवर स्वतःची उशी आणून ठेवलीय.

पण दार लागल्यावर एक श्वास, हे वाक्य मी आधी कुठे ऐकलंय ते मला आठवत होतं. तुमच्या टेबलाशेजारी, स्टुलावर बसून, सात वर्षांचा असताना. तर मामा, मी चुकलो. तोंड वर करून बोललो त्याची लाज वाटते. तुमची विद्या म्युझियममध्ये गेली नाही, मीच बाहेर राहिलो.

तुमचा,
भाचा

ता.क. शेवटचा भाग सोबत पेनड्राइव्हमध्ये पाठवला आहे. चेहरे झाकलेले नाहीत. बुधवारच्या आत बघून कळवावं, ही नम्र विनंती. (पत्राचं खरं कारण हेच, हे तुम्ही पहिल्या ओळीतच ओळखलं असेल.)

ता.क. २. पाकीट बंद करताना एक गोष्ट डोक्यात आली आणि पुन्हा उघडलं. जुनी फीतची सगळी उत्तरं दुपारी दोन ते चारच्या मधली आहेत. तेव्हा तुम्ही घोरत असता. शिवाय तुम्ही अजून फोनसुद्धा हात लांब करून एका बोटाने दाबता. मग मी त्या स्टुलावरचं सगळं नीट आठवून बघितलं. तुम्ही पिवळ्या पेन्सिलीने फिल्मवर खूण करायचात आणि चहाला जायचात. पांढरे हातमोजे घालून तुकडे जोडायला मामी बसायची. ती तुमची खूण पुसायची, जराशी पुढे सरकवायची आणि माझ्याकडे बघून म्हणायची, “दार लागल्यावर एक श्वास.” मग तुम्ही यायचात, बघायचात आणि म्हणायचात, बघ, बसला की नाही? मामा, तुमच्याबद्दलचा आदर कमी झालेला नाही. फक्त हे पत्र आता घडी करून मामीकडे द्या.

ता.क. ३. मामी, शेवटच्या भागाच्या टायटल्समध्ये ‘संकलन’खाली माझ्या नावाच्या वरची ओळ मी रिकामी ठेवली आहे. मामा तुला ‘अगं’ म्हणतात, मी ‘मामी’ म्हणतो. आईला विचारलं तर ती बराच वेळ आठवून म्हणाली, ‘वहिनी’. टायटलला यातलं काही चालत नाही. तुझं पूर्ण नाव सुवाच्य अक्षरात लिहून पाठव. टायटल्स बुधवारी बंद होतात.