ॲन हॅल्बरीची तीन पत्रं

१२ फेब्रुवारी, सोमवार

ॲनचं पत्र सापडलं! सन १६५२. आठ वर्षं दफ्तरखान्यात या हॅल्बरी घराण्याच्या कागदांची यादी करतेय, तिच्या लग्नाचा करार मला तोंडपाठ आहे – आईने, लेडी फ्रान्सिसने, सोळाव्या वर्षी सर राल्फला दिली आणि बदल्यात दोन गावं अन् ओकचं जंगल घेतलं. पोरगी मात्र आज भेटली. आईला लिहिते, नवऱ्याने केसांना धरून जिन्यावरून खाली फरफटत नेलं. दोन दात पडले.

१३ फेब्रुवारी

लेक आली वॉटफर्डहून, हॅनाह. स्कार्फ काढेना. मीच ओढला. गळ्यावर बोटांचे निळे वळ!

टोबीने केलं. माझा जावई – आमच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला जमणाऱ्या सगळ्यांचा लाडका.

"आई, थोडा माझा पण चूक होता," म्हणाली. मराठी अजून तशीच मोडकी तिची. आणि मी काय बोलले? "वर्षसुद्धा नाही झालं लग्नाला. लोक काय म्हणतील? जा घरी." स्वतः गाडीतून सोडून आले.

१५ फेब्रुवारी

अजून दोन पत्रं. ॲन पळून माहेरी आली होती. फ्रान्सिसने त्याच दिवशी परत धाडली – जंगलाच्या कागदांवर सह्या व्हायच्या होत्या. तिसरं पत्र वेड्यावाकड्या अक्षरात. "उजवा हात त्यांनी मोडला, डाव्याने लिहितेय. आई, मला ने."



१६ फेब्रुवारी

पुढचा कागद दफनाचा. ॲन, वय सतरा. जंगल हॅल्बरींकडेच राहिलं.

यादी तशीच टाकली, थेट वॉटफर्ड गाठलं. टोबी ऑफिसात होता. हॅनाहला म्हटलं, "बॅग भर." भरली. माझ्या घरी घेऊन आले.

१७ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी तो आला. लाथेने दार उघडलं. माझ्यावर ओरडला, "शी इज माय वाइफ, बेला!" मी मध्ये गेले, मला भिंतीवर फेकलं. हॅनाहचं तोंड किचनच्या ओट्यावर आपटलं – एकदा, दोनदा, तीनदा. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज आला. ती खाली कोसळली तरी पोटात लाथा घालतच होता.

मग बिडाचा तवा. त्याच्या डोक्यात बसला. टोबी पडला तो उठलाच नाही. फरशीभर रक्त – त्याचं, हॅनाहचं, कळेना कोणाचं.

पोलीस आले, ॲम्ब्युलन्स आली. "कोणी मारलं?" मी तोंड उघडायच्या आत नुकतीच शुद्धीवर आलेली हॅनाह म्हणाली, "मी."

तिला घेऊन गेले. मी गप्प उभी राहिले. गप्प!

१८ फेब्रुवारी

सकाळी हॉस्पिटलात टोबी गेला.

तवा माझ्या हातात होता. हॅनाह शुद्धीवरसुद्धा नव्हती तेव्हा.

कोट घातलाय. पोलीस स्टेशन चालत अकरा मिनिटं. ही वही बरोबर नेते.