निकिताच्या नावाचा कॅमेरा

३ मार्च
बेंबळीत बस्तान बसलं. सोलापूरच्या शाळेत तीस वर्षं संगणक शिकवला, आता बहिणीच्या शेजारी दोन खोल्या, दारात कडुनिंब. सरपंच बंडप्पा चहाला आले नि काम देऊन गेले. गावचे आठ कॅमेरे चालू की बंद, ते मोबाइलवर दिसावं. आनंदानं हो म्हटलं.

५ मार्च
छोटं वेब ॲप तयार. ते दर मिनिटाला प्रत्येक कॅमेरा तपासतं. चालू असला तर हिरवा ठिपका, नाहीतर लाल. कॅमेरे लोकांनी आपल्या मृतांच्या स्मरणार्थ दिलेत, म्हणून यादीत तीच नावं घातली. बंडप्पा आणि म्हाताऱ्या कस्तुराबाई यांनी मात्र स्वतःचंच नाव लावलंय. मेल्यावर मला कुठं वाचता येणार, असं कस्तुराबाईंचं म्हणणं. नववा मी दिला, माझ्या लेकीच्या, निकिताच्या नावानं. शिपाई महांतप्पा कुरकुरला, जित्या माणसाचं नाव खांबाला लावायचं न्हाय म्हणे. त्याला झापलं.

९ मार्च
११.४२ ला 'कस्तुराबाई' लाल. माकडांनी वायर तोडली. सांगायला गेले तर अंगणात माणसं जमलेली. ज्वारी निवडता निवडता गेल्या. सुनेनं घड्याळ पाहिलं होतं. पावणेबाराला तीन मिनिटं कमी.

योगायोग.

१२ मार्च
३.१० ला 'बंडप्पा' लाल. उसाच्या ट्रॉलीनं खांब पाडला. बंडप्पा तेव्हा तुळजापुरात पंगतीला बसलेले. घास हातातच राहिला, तिथंच गेले.

मृतांच्या नावाचे कॅमेरे आठवड्यात चारदा बंद पडले. तेव्हा काहीच झालं नाही.

१३ मार्च
निकिताचं नाव खोडायला बसले. बोट थांबलं. नाव खोडलं की नोंद पुसली जाते. पुसली म्हणजे बंदच ना? कुणावर करून बघू?

महांतप्पाची माफी मागितली. त्यालाही तोड ठाऊक नाही. दोघांनी मिळून त्या कॅमेऱ्याला इन्व्हर्टर जोडला. सोलापूरला निकिताला फोन केला. शाळेत होतीस तेव्हा बरी होतीस आई, म्हणाली.

१५ मार्च, सकाळ
वादळानं तारा तुटल्या. गावात वीज नाही. इन्व्हर्टर चाळीस टक्के. महांतप्पा जनरेटर आणायला धाराशिवला गेलाय.

दुपारी २
अकरा टक्के. बाकी सगळे लाल. हिरवा एकच.

२.२५
चार. महांतप्पा वेशीपाशी आलाय म्हणतो —

२.३१
निकिता फोनवर. काहीही बोल, पण बोलत राहा म्हटलंय. वैतागून भाज्यांची नावं घेतेय. शेपू, चुका, अंबाडी — बाहेर ट्रॅक्टरचा आवाज —

इन्व्हर्टरची शिट्टी थांबली.

ठिपका हिरवा आहे. पण तो मिनिटापूर्वीचा. मीच तसं ठेवलं — मेथी म्हणाली, आणि

निकिता —